बिनतारी यंत्रें शेतांत आणण्यापूर्वीं

जमिनीचा ओलावा सांगणारी कांडी, पानावर दंव किती वेळ टिकलें हें मोजणारी पट्टी, ठिबकाची तोटी आपोआप उघडणारी पेटी, गाईच्या कानांतील बिल्ला, अशीं नवीं साधनें आतां आपल्या बांधापर्यंत येऊन पोहोंचलीं आहेत. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांपैकीं अनेकांनीं तीं घेतलीं. ऊंस लावणारे बागाईतदारहि घेऊं लागले आहेत. आणि ज्यांनीं अद्याप घेतलीं नाहींत त्यांच्या दारीं विक्रेत्यांच्या फेऱ्या चालू आहेत. या सर्व साधनांची वाखाणणी एका गोष्टीवरून होते: त्यांस तार लागत नाहीं. उंदरानें कुरतडण्यास तार नाहीं, नांगराच्या फाळांत अडकण्यास तार नाहीं, चोरानें उपटून नेण्यास तार नाहीं. हा लाभ खराच आहे. तो आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, त्यास चालवून पाहतों, मानेवर जूं ठेवून पाहतों. बियाणें घेतलें तर चार दाणे ओल्या फडक्यांत बांधून उगवण पाहतों. ही बंद पेटी मात्र आपण निव्वळ विक्रेत्याच्या शब्दावर घरीं आणतों, आणि आंत काय चालतें हें समजून घेणें आपलें काम नव्हे असें मानतों. ही समजूत महाग पडणारी आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्या यंत्राची बोली सर्वांस खुली आहे तेंच यंत्र शेतकऱ्यानें घ्यावें; ज्याची बोली एकट्या विक्रेत्यासच उमगते तें कितीहि स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. हें म्हणणें पटावयास आधीं हा बिनतारी व्यवहार चालतो कसा हें पाहिलें पाहिजे. आणि तें वाटतें तितकें अवघड नाहीं.

धातूच्या कांडींत विजेचा प्रवाह अति वेगानें मागें-पुढें झुलविला म्हणजे त्या कांडीपासून लहरी निघतात. त्या प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर, धांवतात. दुसरीकडे तशीच कांडी असली तर लहर तिजवर आदळून तिच्यांतहि अगदीं अल्प प्रवाह झुलूं लागतो. पहिली कांडी बोलते, दुसरी ऐकते. बिनतारी विद्येचें मूळ एवढेंच. अशा लहरी असल्या पाहिजेत हें मॅक्सवेल यानें १८६५ सालीं गणितानें मांडलें; त्या प्रत्यक्ष आहेत हें जर्मनींत हर्ट्झ यानें १८८७-८८ सालीं प्रयोगानें दाखविलें; आणि आपल्या देशांत जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास भिंतींतून लहरी पाठवून दूरची घंटा वाजविली व दारू पेटवून दाखविली. पुढें वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास करणारे तेच हे बोस. आपल्या शोधांवर मक्तेदारी सांगण्यास ते नाखूष असत. मित्रांच्या आग्रहास्तव मागितलेलें अमेरिकन पेटंट त्यांस १९०४ सालीं मिळालें. विद्या खुली असावी हा विचार या शास्त्राच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

यंत्रांची लिपि दोनच अक्षरांची असते: शून्य आणि एक. आपल्या मोबाईलमध्यें जें ब्लूटूथ असतें त्यांत प्रवाहाच्या झुलण्याचा वेग किंचित् वाढविला म्हणजे एक, आणि किंचित् उतरविला म्हणजे शून्य, असा संकेत आहे. जमिनींत ओलावा शेंकडा २३ आहे असें समजा. २३ हा आंकडा या लिपींत १०१११ असा लिहितात. यंत्राची ओळख, पत्ता आणि मजकुरांत चूक झाली कीं काय हें तपासण्याची खूण यांसह एवढा निरोप हवेंतून जाण्यास सेकंदाचा हजारावा भागहि पुरा लागत नाहीं.

आतां हा निरोप थोड्याच अंतरापर्यंत कां जातो? यंत्र दुबळें म्हणून नव्हे, तर त्यास मुद्दाम हळू बोलावयास लाविलेलें असतें म्हणून. ब्लूटूथच्या मधल्या वर्गांतील यंत्राचें बळ फार तर २.५ मिलिवॉट असतें, आणि मिलिवॉट म्हणजे वॉटाचा हजारावा भाग. जुन्या पद्धतीचा टूजी मोबाईल मनोऱ्याशीं बोलतांना २ वॉटपर्यंत बळ लावूं शकतो. म्हणजे ८०० पट. शिवाय लहर पसरत जाते तशी विरळ होते. अंतर दुप्पट झालें कीं बळ चौथाई उरतें, चौपट झालें कीं सोळावा हिस्सा उरतो. आणि हें मोकळ्या अवकाशांत. जमिनीलगत तर याहूनहि लवकर उतरतें.

या हळू बोलण्यांत दोन मोठे फायदे आहेत. पहिला काटकसरीचा. ओलाव्याची कांडी दिवसभर बडबडत बसत नाहीं; ती झोंपलेली असते, ठरल्या वेळीं क्षणभर जागी होते, आंकडा सांगते आणि पुन्हां झोंपते. त्यामुळें नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर असें यंत्र वर्ष-दोन वर्षें चालूं शकतें. दुसरा फायदा शेजारधर्माचा. दवंडी पिटणाऱ्याचा आवाज साऱ्या गांवानें ऐकावयाचा असतो. पण विहिरीच्या काठावर दोघे बोलत असतां त्यांनीं ओरडूं नये, कारण पलीकडच्या विहिरीवरहि दोघे बोलत असतात. अल्प पल्ल्याचीं यंत्रें हळू बोलतात म्हणूनच एकाच गांवांत तीं शेंकड्यांनीं नांदूं शकतात.

तरीहि गर्दी होतेच. ब्लूटूथचा सारा व्यवहार २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालतो. म्हणजे कांडींतील प्रवाह सेकंदास सुमारें अडीच अब्ज वेळां झुलतो आणि लहरीची लांबी सुमारें १२.५ सेंटिमीटर, अर्ध्या वितीहून किंचित् अधिक, असते. याच पट्ट्यांत घरांतील वायफाय चालतें आणि अन्न तापविण्याची मायक्रोवेव्ह भट्टीहि चालते. इतक्या गलबल्यांत निरोप शाबूत कसा राहतो? ब्लूटूथच्या मूळ पद्धतींत या पट्ट्याच्या ७९ चाकोऱ्या केलेल्या आहेत, आणि बोलणारीं दोन यंत्रें आधीं ठरलेल्या क्रमानें सेकंदास १,६०० वेळां एका चाकोरींतून दुसरींत उडी मारतात. एखादी चाकोरी अडलेली असली तरी पुढच्या क्षणीं तीं दुसरींत गेलेलीं असतात. या उड्यांची कल्पना जुनीच आहे. हेडी लमार ही नटी व जॉर्ज अँथाइल हा संगीतकार या दोघांनीं टॉर्पेडोला शत्रूच्या नकळत वळविण्यासाठीं आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या भोंकें पाडलेल्या कागदावरून अशी युक्ति रचून ११ ऑगस्ट १९४२ रोजीं अमेरिकेंत तिचें पेटंट मिळविलें होतें. २०१० सालीं ब्लूटूथची जी काटकसरी जात निघाली तींत ४० चाकोऱ्या आहेत आणि त्यांपैकीं ३ मुख्यतः ‘मी येथें आहें’ एवढें पुकारण्यासाठीं राखलेल्या आहेत. शेतांतील बहुतेक लहान यंत्रांत जेथें ब्लूटूथ असतें तेथें तें याच जातीचें असतें.

या ब्लूटूथचा जन्म आमच्या मुद्द्याच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. स्वीडनमधील लुंड येथें एरिक्सन कंपनींत १९९४ सालीं हें काम सुरू झालें व याप हार्ट्सन या डच अभियंत्याचा त्यांत प्रमुख वाटा होता. कंपनीला ही बोली स्वतःपुरती गुप्त ठेवतां आली असती. पण तिचा संच केवळ तिच्याच संचाशीं बोलला असता, तर त्याचा उपयोग तो किती? म्हणून १९९८ सालीं एरिक्सन, नोकिया, इंटेल, आय. बी. एम. आणि तोशिबा या पांच कंपन्यांनीं, बाजारांत एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असूनहि, एक मंडळ स्थापून बोलीचे नियम सर्वांसाठीं सारखे केले. नांव दिलें तेंहि अर्थपूर्ण: दहाव्या शतकांत डेन्मार्कमधील टोळ्यांस एका छत्राखालीं आणणारा राजा हॅरल्ड ब्लूटूथ याचें. आज एका कंपनीचा मोबाईल दुसऱ्या कंपनीच्या कर्णयंत्राशीं विनातक्रार बोलतो, तो या सलोख्यामुळें. मधमाश्या नागमोडी नाचून एकमेकींस फुलोऱ्याची दिशा सांगतात. त्या नाचावरून जिला नांव मिळालें ती झिगबी ही दुसरी बोलीहि अशाच सामाईक मंडळाची आहे. तिच्यांत एक यंत्र दुसऱ्यास, दुसरें तिसऱ्यास असा हातोहात निरोप पोहोंचवितें.

सेल नसलेलीं बिनतारी यंत्रेंहि असतात आणि त्यांचा एक नमुना आपल्यापैकीं पुष्कळांच्या गाडीच्या कांचेवर चिकटलेला आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर सक्तीचा झालेला फास्टॅग तो हाच. नाक्यावरील यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील लहर सोडतें. तिच्याच बळावर टॅगमधील चिप जागी होते, आणि आलेली लहर कमी-अधिक परतवून आपला क्रमांक कळविते. आरशाचा तुकडा हलवून कवडसा दूरच्या भिंतीवर नाचवावा, तसा हा प्रकार. आरसा स्वतः उजेड करीत नाहीं. आलेलाच परत फेंकतो.

जनावरांच्या बिनतारी बिल्ल्यांतहि सेल नसतो. ते १३४.२ किलोहर्ट्झ या फार संथ झुलणाऱ्या लहरीवर चालतात. ही लहर ओल्या कातडींतून व मांसांतूनहि जाते. म्हणूनच ती निवडलेली आहे. वाचक यंत्र जवळ नेलें म्हणजे बिल्ला आपला १५ आंकडी क्रमांक सांगतो. येथें दोन भ्रम दूर केले पाहिजेत. सरकारी नोंदणींत जनावराच्या कानास जो पिवळा बिल्ला लावतात त्यावर १२ आंकडे व रेघांची खूण छापलेली असते. तो बिनतारी नव्हे. दुसरें, सेल नसलेला बिल्ला गाय कोठें चरावयास गेली हें सांगूं शकत नाहीं. ती समोर उभी असतां कोणती आहे एवढेंच सांगतो. हरवलेलें जनावर शोधून देणारा बिल्ला म्हणून कोणी असा माल दाखवूं लागला, तर त्यास सरळ निरोप द्यावा.

आतां शेतांत काय घडतें तें पाहूं. विक्रेत्याच्या कागदावर पल्ला लिहिलेला असतो तो बहुधा मोकळ्या मैदानांतला. आपलें शेत हें मैदान नव्हे. पीक म्हणजे उभें राहिलेलें पाणीच, आणि पाणी अडीच अब्ज वेळां झुलणाऱ्या लहरीचें बळ शोषून घेतें; मायक्रोवेव्ह भट्टींत अन्नांतील पाणी तापतें तें याच गुणामुळें. दहा-बारा फूट उंच दाट उंसांत, पावसानें पानें निथळत असतां, मोकळ्यावर सहज चालणारें यंत्र कांहीं पावलांवरच मुकें होऊं शकतें. ८६५ मेगाहर्ट्झच्या सुमाराची लहर सुमारें ३५ सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत, लांबीची असते. ती पालवींतून तुलनेनें बरी वाट काढते. याच पट्ट्यांत लोरा नांवाची पद्धति चालते. ती फ्रान्समधील ग्रनोब्ल येथें निघाली. तिच्यांत निरोप फार सावकाश पाठविला जातो आणि त्या सावकाशीच्या मोबदल्यांत तो मोकळ्या मुलुखांत कांहीं किलोमीटरहि पोहोंचतो. तिच्यावरून चित्र किंवा बोलणें पाठवितां येत नाहीं. पण ओलावा शेंकडा २३ आहे एवढें कळविण्यास घाई कसली?

म्हणून यंत्राची परीक्षा वैशाखांत, नांगरून मोकळ्या पडलेल्या शेतांत घेऊं नये. ती भाद्रपदांत, उभ्या पिकांत आणि भिजल्या पानांत घ्यावी. लहर सोडणारी कांडी पिकाच्या शेंड्याहून उंच बांधावी. पत्र्याच्या शेडमध्यें किंवा लोखंडी पेटींत ग्राहक यंत्र ठेवूं नये, कारण लहर पत्र्याला आपटून परत फिरते. आणि विक्रेत्यानें सांगितलेला पल्ला आपल्या शेतांत, आपल्या पिकांत दाखवून दिल्यावरच पूर्ण पैसे द्यावे.

यंत्र ज्या हवेंतून बोलतें ती कोणाची, हा पुढचा प्रश्न. बिनतारी लहरींचे पट्टे हे गांवच्या जमिनीसारखेच आहेत: कांहीं खातेदारांचे, कांहीं सरकारच्या राखीव, आणि कांहीं गायरान. १८८५ चा तार कायदा व १९३३ चा बिनतारी कायदा यांच्या अंमलांत परवान्यावांचून बिनतारी यंत्र बाळगणें हाच गुन्हा होता. त्यांची जागा घेण्यासाठीं २०२३ चा दूरसंचार कायदा झाला. मध्यंतरीं २००५ सालीं भारत सरकारनें २४०० मेगाहर्ट्झचा पट्टा व ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा अल्प बळाच्या यंत्रांसाठीं परवान्यांतून मोकळा केला, आणि दुसऱ्या पट्ट्याची हद्द २०२१ सालीं ८६८ पर्यंत वाढविली. हें आपलें हवेंतील गायरान. येथें कोणीहि चारावें. पण गायरानाचे नियम पाळून. ८६५ च्या पट्ट्यांत प्रेषकाचें बळ १ वॉटहून अधिक असूं नये. दुसऱ्यास अडथळा करूं नये. आणि दुसऱ्याचा अडथळा झाला तर संरक्षण मागतां येत नाहीं. यंत्राच्या प्रकारास दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची मान्यता असावी लागते. ती मागून पाहणें हा ग्राहकाचा हक्क आहे. परदेशच्या पट्ट्यावर चालणारें किंवा नियमाबाहेर बळ वाढविलेलें यंत्र स्वस्त मिळालें म्हणून घेणाऱ्यानें हें समजावें कीं, तो सामाईक गायरानांत कुंपण घालीत आहे. आणि मालक म्हणून जाब त्यालाच द्यावा लागेल.

हवा खुली, पट्टा खुला, बोलीची लिपिहि खुली. तरी एक गोष्ट झांकलेली राहूं शकते, आणि आमच्या या लेखाचा खरा रोख तिच्यावर आहे. एखादी चिठ्ठी देवनागरींत लिहिलेली असली तरी शब्द सांकेतिक असतील तर अक्षरें वाचतां येऊनहि अर्थ लागत नाहीं. तसेंच येथें होतें. यंत्र ब्लूटूथनें बोलतें असें विक्रेता सांगतो तें खरें असतें. पण निरोपांतील आंकडे कोणत्या क्रमानें व कोणत्या संकेतानें लिहिले आहेत हें तो सांगत नाहीं. ते उलगडणें त्याच्या एकट्याच्या ॲपलाच साधतें. आणि मग चमत्कार पाहा. शेतांतील कांडी आणि शेतकऱ्याच्या खिशांतील मोबाईल यांत अंतर तीस पावलांचें. पण ओलाव्याचा आंकडा आधीं दूरच्या शहरांतील विक्रेत्याच्या यंत्राकडे जातो, तेथें नोंदला जातो आणि वर्षाची वर्गणी भरली असेल तर परत फिरून मालकास दिसतो. वर्गणी थांबली कीं कांडी मुकी. विक्रेत्यानें धंदा गुंडाळला कीं चांगली चालती पेटी मोडींत. आणि पांच हंगामांचे आंकडे, म्हणजे कोणत्या वाफ्यांत पाणी कधीं मुरतें, कोणत्या आठवड्यांत पानें किती वेळ ओलीं राहतात, हें आपल्या जमिनीचें सारें ज्ञान दुसऱ्याच्या वहींत.

ही रीत आपणांस अगदींच अनोळखी नाहीं. गुरांच्या बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरवितो. मालक शेजारी उभा असतो, जनावर त्याचें असतें, पण सौदा त्यास दिसत नाहीं. शेतमालाच्या पेठांतहि हा हत्ता चाले. त्याविरुद्ध शेतकऱ्यांची तक्रार अशी नव्हती कीं भाव नेहमींच कमी मिळतो. तक्रार अशी होती कीं, आपल्याच मालाचा व्यवहार आपल्याला कळूं नये हेंच मुळांत अन्यायाचें आहे. नियंत्रित पेठांत उघड लिलावाचा नियम आला तो याच कारणास्तव. बंद बोलीचें यंत्र म्हणजे तोच रुमाल पुन्हां आपल्या बांधावर पसरणें होय.

विक्रेत्यांच्या बाजूनें दोन आक्षेप येतात. ते न्यायानें ऐकले पाहिजेत. पहिला असा कीं, बोली खुली केली तर कोणीहि यंत्रांत शिरेल. गुप्तता हेंच संरक्षण. हा आक्षेप ऐकावयास बरा, पण टिकणारा नाहीं. काटकसरी ब्लूटूथ, झिगबी आणि लोराची जाळेपद्धति या तिन्हींत निरोप कुलुपबंद करण्याची जी रीत वापरतात ती २००१ सालापासून जगजाहीर आहे. कुलपाची रचना सर्वांस ठाऊक आहे. सुरक्षितता आहे ती किल्लींत. उलट, बंद पेट्यांतच हयगय अधिक लपते. सर्व पेट्यांस १२३४ किंवा ०००० हाच परवलीचा आंकडा देऊन त्या विकणें, किंवा कसलीहि ओळख न विचारतां जवळ येईल त्या मोबाईलशीं यंत्राची जोडी जमविणें, हे प्रकार सर्वश्रुत आहेत. ओलाव्याचा आंकडा शेजाऱ्यानें वाचला तर फारसें बिघडत नाहीं. पण तोटी किंवा मोटर चालविणारी पेटी परक्या मोबाईलच्या हुकमांत गेली तर रात्रींतून टांकें रिकामें होईल. म्हणून किल्ली मालकाच्या हातीं असावी, व ती पहिल्याच दिवशीं बदलावी.

दुसरा आक्षेप असा कीं, संशोधनाला खर्च येतो व तो वर्गणींतूनच भरून निघतो. यांत तथ्य आहे. हवामानाचा अंदाज, रोगाची सूचना, तज्ज्ञाचा सल्ला या सेवांचे पैसे कोणी मागत असेल तर ते द्यावे. कष्टाचें मोल देण्यास शेतकरी कधीं नाहीं म्हणत नाहीं. परंतु सल्ल्याचें मोल वेगळें आणि आपल्याच जमिनीचा आंकडा आपणांस दाखविण्याचें भाडें वेगळें. वैद्याला फी देतों. आपली नाडी आपण पाहण्यासाठीं नव्हे.

एक गोष्ट येथें स्पष्ट सांगितली पाहिजे. हीं यंत्रें सर्वांस लागतात असें आम्ही म्हणत नाहीं. कोरडवाहू बाजरी-हरभऱ्याच्या शेतांत पाणी देण्याचा निर्णयच हातीं नसतो. तेथें ओलाव्याच्या कांडीनें काय साधावें? जेथें पाणी मोजून द्यावयाचें आहे, जेथें द्राक्षावरील केवड्यासारखा रोग पान किती तास ओलें राहिलें यावर अवलंबून आहे, तेथें यांचा उपयोग आहे. तेथेंहि कांडी एका जागेचेंच सांगते. माळाची बरड आणि ओढ्याकडची काळी एकाच शेतांत असेल तर एका कांडीवर विसंबूं नये. मूठभर माती दाबून पाहण्याची रीत सोडूं नये.

घेणाऱ्यानें विक्रेत्यास पांच प्रश्न विचारावे. यंत्र कोणत्या पट्ट्यावर चालतें व सरकारची मान्यता दाखवाल काय? उभ्या पिकांत पल्ला किती तें आमच्या शेतांत दाखवाल काय? सेल किती दिवस पुरतो व तो आम्हांस स्वतः बदलतां येईल काय? मोबाईलला इंटरनेट नसतां व वर्गणी भरली नसतां आंकडे आम्हांस दिसतील काय? आणि निरोपाचा अर्थ लावण्याचा संकेत लेखी द्याल काय, म्हणजे उद्यां तुम्ही नसलां तरी दुसरा कारागीर हें यंत्र चालवूं शकेल? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरें सर्व विक्रेते उत्साहानें देतील. शेवटच्या दोहोंवर जो अडखळेल त्याचा माल घेऊं नये.

एकट्या शेतकऱ्यानें हे प्रश्न विचारले तर विक्रेता हंसून पुढच्या दारीं जाईल, हें आम्ही जाणतों. म्हणून हें काम संघाचें आहे. दहा-वीस सभासदांनीं मिळून उपसा योजना उभारावी, विहिरीची पाळी ठरवावी, ही रीत आपल्याकडे रुजलेली आहे. त्याच रीतीनें गांवच्या पाण्याच्या टांकीसारख्या उंच जागीं लोराचें एक सामाईक ग्राहक यंत्र बसवितां येईल, आणि आसपासच्या शेतांतील ओलाव्याच्या कांड्या, मग त्या कोणत्याहि कंपनीच्या असोत, त्याच्याशीं बोलतील. मात्र त्यांची बोली खुली असली पाहिजे. आंकड्यांची वही संघाच्या कचेरींत राहील, प्रत्येकास आपलें पान दिसेल, आणि दुसऱ्याचें पान पाहावयाचें तर त्याची संमति लागेल. खरेदी एकत्र झाली म्हणजे शर्तीहि आपल्या राहतील. संघानें आपल्या पुढील सर्वसाधारण सभेंत असा ठराव करावा कीं, संघामार्फत होणाऱ्या खरेदींत संकेत लेखी दिल्यावांचून कोणतेंहि बिनतारी यंत्र घेतलें जाणार नाहीं.

तार नसली म्हणून बंधन नाहीं असें समजूं नये. लोखंडाची तार डोळ्यांस दिसते व पकडीनें तोडतां येते. न दिसणारी तार गळ्याला लागली कीं ती कोठून तोडावी हेंहि कळत नाहीं. यंत्रें अवश्य घ्यावींत, त्यांपासून लाभहि घ्यावा. परंतु आपल्या मातीचें बोलणें आधीं आपल्या कानीं पडेल अशाच शर्तीवर घ्यावींत, एवढेंच आमच्या शेतकरी बंधूंस आग्रहाचें सांगणें आहे.